कंडेन्सर बदलला आन् झांज ऐकू आली

घोडनदी, गुरुवार, १२ मार्च १९६४

सुटले बाई एकदाची! माझे कान शाबूत हायेत.

दिवाळीपासून आमच्या भाड्यानं द्यायच्या स्पीकरच्या पेटीतून मला भजनातली झांज ऐकूच येत न्हवती. माझे मालक म्हणायचे, "पेटी ठणठणीत हाय, तुझेच कान गेले." आई याच वयात बहिरी झाली. लोक तिच्या अंगावर खेकसायचे. मी कुणाला बोलले न्हाई, पण जीव टांगणीला.

आज पेटी एस्टीच्या टपावर टाकून दौंडला नेली, रेडिओवाल्या रशीदचाचांकडं. पेटीतला मोठा स्पीकर जाड आवाज काढतो, छोटा बारीक, आन् छोट्याच्या वाटेवर बारीक आवाजच पुढं सोडणारा कंडेन्सर असतो. चाचा म्हणाले, "ताई, भिंतीकडं तोंड करा. बघून सगळेच हुशार होतात." भजनाची तबकडी लावून आधी आमचा जुनाच कंडेन्सर ठेवला. झांज न्हाई. मग नवा लावला. झांज आली, पण पत्र्यावर खडे पडल्यागत. मग दुसऱ्या मापाचा नवा लावला आन् झांज अशी खणखणली, की मी गर्रकन वळले.

"जुना वाळून मेलाय," चाचा म्हणाले. "कान तुमचे माझ्यापरीस तिखट!"

मला तिथंच रडू आलं. आता कशाला रडायचं? पण आलं.

घरी येऊन मालकांना झांज ऐकवली. तर म्हणतात, "आधी पण अशीच वाजत व्हती की."

भांडायला तोंड उघडलं आन् तवाच उमगलं. कान त्यांचे गेलेत. सांगायचं कसं? राहू दे. उद्यापासून मीच मोठ्यानं बोलीन. तशीही मी ओरडतेच म्हणतात.