दाखवलेला कागद

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा मोटरवर चालणाऱ्या व्हीलचेअर दुरुस्त करण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचे काही नाही, पण कागदपत्रे करून ठेवा, असे डॉक्टर म्हणाले, आणि दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हणाले. पाच वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र याने रद्द होते. त्यात मी स्वतःविषयी फार बरे लिहिले होते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, तसेच दुकानाचा गाळा आणि बँकेत जे काही असेल ते, हे सर्व माझ्या पत्नीचे. तिने त्याचे काय करावे हे तिला सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. हे लिहीत असताना ती समोर बसून वाटाणे सोलते आहे आणि उलट्या बाजूने वाचते आहे. तिची एकच हरकत आहे. ती म्हणाली, "बाहेरच्या खोलीतलं ते टेबल तेवढं मला नको."

तेव्हा बाहेरच्या खोलीतले टेबल, त्यावरचा संगणक आणि बैठक खोल गेलेली खुर्ची ज्याला हवी त्याने न्यावी. कोणी न नेल्यास भंगारात द्यावी.

२. या टेबलाचा खुलासा करणे भाग आहे. दुकान मी चार वाजता बंद करत असे. त्यानंतर अकरा वर्षे, आजारपणाचे दिवस सोडता, मी त्या टेबलाशी बसून इंटरनेटवरच्या एका चर्चामंचावर वाद घातला. मंचावर माझे नाव, हातातल्या नट पिळायच्या पान्यावरून, 'पानावाला' होते. विषय कोणताही चाले. शाळेत कॅमेरे असावेत का, घरपोच सामान आणणाऱ्यांनी किती तास राबावे, नोकरीचे अर्ज यंत्राने चाळावेत का, फोन कंपन्या जुने फोन मुद्दाम संथ करतात का. पण माझा खरा विषय एकच होता: आपण विकत घेतलेली वस्तू उघडायचा हक्क आपला की कंपनीचा. या विषयावर मी चांगले लिहीत असे, हे माझे विरोधकही मान्य करतील. विरोधकांत पहिला एक होता, 'तटस्थ' या नावाचा. मी दोन परिच्छेद लिहिले की तो एक प्रश्न विचारी. त्याच्या एका प्रश्नाने माझी रात्रीची जेवणे बेचव झाली आहेत. बायको विचारी, "आज काय म्हणाला तुमचा तो?"

३. दुकानातली सर्व हत्यारे, सोल्डरिंगचे दोन्ही संच, मीटर, सुट्या भागांचे एकोणीस डबे आणि माझ्या हस्ताक्षरातल्या वह्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिकाबाईंना द्याव्यात. बाई स्वतः व्हीलचेअर वापरतात. गेली सहा वर्षे दर शनिवारी त्या दुकानात येऊन काम करतात आणि त्यांचे सोल्डरिंग आता माझ्यापेक्षा साफ असते. हत्यारे नीट ठेवावीत वगैरे सूचना त्यांना करत नाही. मीच ती नीट ठेवलेली नाहीत, असे त्यांनी मला अनेकदा सुनावले आहे.

बॅटरीवाल्याने नेलेले ड्रिल त्याच्याकडेच राहू द्यावे. त्याला विचारायलाही जाऊ नये, तो दुसरे काहीतरी मागून घेईल.

४. आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

सहा वर्षांपूर्वी शिक्षिकाबाईंची खुर्ची बंद पडली. मी बॅटरी बदलली, पण बॅटरी बदलताच खुर्चीची मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला कुलूप लागले. ते कंपनीच्या माणसाने पासवर्ड टाकल्याशिवाय उघडेना. कंपनीचा माणूस सात आठवडे आला नाही. मधल्या काळात कंपनीकडून बाईंना तीन फोन आले, तिन्ही नवी खुर्ची घेण्याविषयी. बाई सात आठवडे खाटेवर होत्या आणि त्यांचा वर्ग दुसरेच कोणी घेत होते.

माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी, त्याच कंपनीच्या सर्व्हिस विभागात नोकरीला होती. हुशार, आणि कामाला चोख. मी तिला बाईंची हकिगत सांगितली. पुढच्या रविवारी ती घरी आली आणि तिने मला एक कागद दाखवला. ते कंपनीचे अंतर्गत परिपत्रक होते. पाच वर्षांहून जुन्या खुर्चीची तक्रार आल्यास आधी ग्राहकाला नवी खुर्ची सुचवावी आणि कुलूप उघडायला माणूस त्यानंतरच पाठवावा, असे त्यात चक्क लिहिले होते. खाली पासवर्डांचा तक्ता होता.

या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी 'भाचीने मला दिलेला कागद' असे लिहिले होते. तो मसुदा मी तिला टपालाने पाठवला, कारण तिच्याविषयी तिच्या नकळत काही लिहायचे नाही, एवढे शहाणपण मला उशिरा का होईना आले आहे. मसुदा परत आला तेव्हा 'दिलेला' या शब्दावर काट मारलेली होती आणि वर तिच्या बारीक अक्षरात 'दाखवलेला' असे लिहिले होते. ते बरोबर आहे. तिने कागद दिला नव्हता. ती म्हणाली होती, "मामा, बाईंच्या खुर्चीचा तेवढा एक आकडा उतरवून घ्या. हा कागद कुठे दिसता कामा नये." मी हो म्हणालो. ती मामीशी बोलायला आत गेली आणि मी फोनने कागदाचा फोटो काढला. का काढला, हे तेव्हा कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. असू द्यावा, असे वाटले.

सोमवारी मी खुर्ची सुरू केली. मंगळवारी बाई शाळेत गेल्या. गोष्ट तिथे संपायला हवी होती.

बारा दिवसांनी मंचावर तटस्थने मला विचारले, "कंपनी मुद्दाम उशीर करते याला तुमच्याकडे पुरावा आहे, की नुसताच राग?" बघता बघता सतरा जणांनी त्याला दाद दिली. मी सव्वाचार वाजता तो फोटो मंचावर टाकला. पासवर्ड काळ्या पट्टीने झाकले होते आणि या खबरदारीचा मला अभिमानही वाटला होता. वरच्या कोपऱ्यात एक फिकट आकडा होता, तो मी पाहिला नाही. ज्याच्या त्याच्या प्रतीवर वेगळा आकडा छापायची त्या कंपनीची पद्धत होती.

दहा मिनिटांत तटस्थचा खाजगी निरोप आला. तो माझ्याकडे अजून आहे, तसाच उतरवतो: "कोपऱ्यात आकडा आहे. त्यावरून माणूस सापडतो. ज्यांचा हा कागद आहे त्यांच्यासाठी फोटो लगेच काढून टाका. आपल्या वादाचं नंतर बघू." मला वाटले, हरला म्हणून काढायला सांगतो आहे.

पावणेपाचला भाचीचा फोन आला. ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होती.

"मामा, तो फोटो काढा. आत्ता."

"काढतो," मी म्हणालो.

तो मी आठ वाजता काढला. मधले तीन तास मी टेबलाशीच बसून होतो. चूक झाली, असे तटस्थ सगळ्यांदेखत लिहील, याची मी वाट पाहत होतो. तो काहीच लिहीत नव्हता. आठपर्यंत फोटो शेकडो लोकांनी उचलून इकडेतिकडे टाकला होता.

तिसऱ्या दिवशी कंपनीने भाचीचे ओळखपत्र काढून घेतले. त्या धंद्यातल्या कोणीही तिला पुन्हा दारात उभे केले नाही. आज ती मोटार चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत फोन घेते.

५. माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या आईचे शिलाई मशीन द्यावे. ते माझ्याकडे राहिले, याचा तिला राग होता आणि तो रास्त होता. मशीन मी तेलपाणी करून ठेवले आहे. ताई त्या आठवड्यात एकदाच माझ्या दारात आली. आत ये म्हटले तर आली नाही. मी कंपनीच्या अन्यायाविषयी बोलू लागलो. तिने मला पुरते बोलू दिले आणि मग म्हणाली, "ती तुझ्याशी भाची म्हणून बोलली, आणि तू तिला पुरावा केलंस." त्यानंतर तिने माझ्याशी संबंध ठेवलेला नाही. मशीन पोचवायला पत्नीने जावे. सोबत चिठ्ठी वगैरे काही नको.

६. त्यानंतर तीन आठवड्यांनी कंपनीचा एक अधिकारी दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणे. वाद वाढवू नका, आम्ही तुम्हाला अधिकृत दुरुस्तीचे प्रमाणपत्र देतो, असे तो म्हणाला. मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला आणि त्याच दुपारी मंचावर सगळे बोलणे शब्दशः लिहून टाकले. दोन हजार लोकांनी वाहवा केली. ते वाचताना छाती फुगली होती, हे कबूल करतो.

पत्नीने रात्री जेवताना विचारले, "तिला परत घ्या, असं म्हणालात का त्याला?"

मी म्हणालो नव्हतो. मला ते सुचलेही नव्हते. म्हणालो असतो आणि त्याने नकार दिला असता, तर आज एवढे लिहावे लागले नसते.

७. दहा महिन्यांनी कंपनीने सगळ्या दुरुस्तीवाल्यांना पासवर्ड खुले केले. त्याचा पुष्कळांना उपयोग झाला आणि तो मी नाकारत नाही. शिक्षिकाबाई म्हणतात, एवढे तरी स्वतःच्या नावावर लिहून घ्या. पण मी त्यावर खूप विचार केला आहे. फोटोचा कोपरा कापून टाकला असता तरी हेच झाले असते. अर्ध्या इंचाचा प्रश्न होता. तटस्थचा निरोप वाचताच फोटो काढून टाकला असता तरी भागले असते. 'कंपनीला नमवणारा' असे कोणी मला दुकानात येऊन म्हटले की मी पान्याला तेल लावत बसतो.

८. तटस्थ दोन वर्षांपूर्वी दुकानात आले. बारीक अंगाचे गृहस्थ, खांद्याला कापडी पिशवी. "मी तटस्थ," एवढेच म्हणाले आणि स्टुलावर बसले. ते कारखान्यांचे निरीक्षक होते. कोणीतरी जुगाड करून बसवलेल्या बॅटरीने भाजलेला एक माणूस त्यांनी नोकरीत पाहिला होता, आणि म्हणून ते कुलपांची बाजू घेत. इतक्या वर्षांत मंचावर त्यांनी हे कधी लिहिले नव्हते. मी विचारले, का नाही? ते म्हणाले, "अर्धा मी तुमच्याच बाजूचा होतो. उरलेल्या अर्ध्याचं कारण तुम्ही कधी विचारलंच नाहीत." मी त्यांची माफी मागितली. ती माझ्याकडे नका मागू, असे ते म्हणाले.

आता ते महिन्यातून एकदा येतात. आम्ही चहा घेतो. वाद होतो, पण एकमेकांचे तोंड समोर असल्यामुळे लवकर आटोपतो. या मृत्युपत्रात त्यांना काहीही ठेवलेले नाही. त्यांनीच सांगितले, काही देऊ नका, साक्षीदार लागत असेल तर येतो.

९. भाचीला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. वाचणाऱ्याने यातून नाराजीचा अर्थ काढू नये. पहिल्या मसुद्यात दुकान तिच्या नावे होते. शिवाय माझ्या मृत्यूनंतर मंचावर माझा संपूर्ण कबुलीजबाब टाकावा, असे एक कलम होते. परत आलेल्या मसुद्याच्या मागच्या बाजूला तिने लिहिले होते:

"दुकान नको. भरपाई म्हणून काहीच नको. कबुलीजबाब तर मुळीच टाकू नका. लोक परत माझं नाव शोधतील आणि तुम्हाला परत धीराचे म्हणतील. मामीला भेटायला येईन म्हणते. तुम्ही घरी असलात तरी चालेल."

ती गेल्या रविवारी आली. तासभर स्वयंपाकघरात मामीशी बोलत होती. मी बाहेरच्या खोलीत होतो आणि उठून आत जावे की न जावे, हे मला ठरवता आले नाही. निघताना दारात चपला घालताना ती "येते" म्हणाली. आम्हा दोघांपैकी कोणाला म्हणाली, हे मी पत्नीला विचारले नाही.

कबुलीजबाबाचे कलम रद्द केले आहे. हा कागद घरातल्यांपुरता आहे. याचा फोटो कोणी काढू नये.

१०. मंचावरचे 'पानावाला' हे खाते मी काल दुपारी बंद केले. अकरा वर्षांच्या ओळखी होत्या, तेव्हा निरोपाचा मजकूर लिहिला होता. चार परिच्छेद. चांगला झाला होता. टाकला नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला आणि खालील साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

(सही)
मृत्युपत्र करणार, व्हीलचेअर दुरुस्तीवाला

साक्षीदार पहिले: (सही) माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर
साक्षीदार दुसरे: (सही) निवृत्त कारखाना निरीक्षक

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, दुपारी चार वाजता