श्राद्धाच्या ताटातला ढोमा

बुसान,
९ नोव्हेंबर

प्रिय सुनिम,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा कसा आहे? इथे थंडी पडली, हीटर दुरुस्त करून घेतला. बाबांचं श्राद्ध पंधरा दिवसांवर आलं आणि "ताई, येणार ना?" हा तुझा निरोप तीनदा आला. उत्तर दिलं नाही, कारण वर्षभर मी तुझ्यावर जळत होते. खरं तर त्याच्याही आधीपासून. बाबांनी बंदरावरचं दुकान तुला दिलं, ढोमा मासा खारवून पेंढ्याच्या दोरीत ओवायला तुला शिकवलं. मला म्हणाले, "तू शीक, हुशार आहेस." हुशार म्हणजे घराबाहेर, असंच मला वाटत आलं.

म्हणून तर दर श्राद्धाला मी बुसानच्या सगळ्यात भारी दुकानातून सुक्या ढोम्याची पेटी आणते, रेशमी फडक्यात बांधून. घरचं ढोम्याचं दुकान असताना! तुला खिजवायलाच आणते, आता कबूल करते.

गेल्या वर्षी जेवताना आई म्हणाली, "थोरलीचा मासा काय गोड लागतोय!" मी फुलून गेले. मग पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आले, तर कोपऱ्यात माझी पेटी, मासे जसेच्या तसे. ताटात तुझे होते.

"बाबांपर्यंत माझा एक मासासुद्धा पोचू देत नाहीस तू!"

"ताई, हळू. आई ऐकेल."

"ऐकू दे की!"

तू मान खाली घालून भांडी विसळत राहिलीस. मी पेटी उचलली, ताटातला उरलेला मासाही पिशवीत टाकला आणि तडक निघाले.

तो का नेला, सांगते. लेबल एका माशाचं आणि आत भलताच मासा, हे डीएनएवरून पकडायचं माझं काम. तुझा मासा खोटा निघावा, बंदरभर तुझी छी-थू व्हावी, एवढंच मनात होतं. पण धीर झाला नाही. दोन्ही मासे वर्षभर फ्रीजरमध्ये पडून राहिले. तुझा तिसरा निरोप आला, त्या दिवशी साहेबांची परवानगी काढून तपासले.

तुझा अस्सल ढोमा. माझा मात्र त्याचा स्वस्तातला भाऊबंद. विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासले. तेच.

तू तर डोकं बघूनच ओळखलं असशील. मुकाट बदललेस आणि आईला सांगितलंस, ताईचेच आहेत. किती वर्षं गं, सुनिम? एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. तू फक्त 'हळू' म्हणालीस.

आता मला याचाही हेवा वाटतो. मला हे जमलं नसतं.

येतेय. दोन दिवस आधी, रिकाम्या हातांनी. मला ओवायला शिकव. आणि आईला खरं काय ते मी सांगेन, तिने पहिला घास घेण्याआधी, सगळ्यांदेखत. तू सावरायला मध्ये पडू नकोस. एवढं एक तरी माझं मला करू दे.

तुझी, खोटा मासा आणणारी,
ताई