ही सही मी पोचवणार नाही

प्रिय गायत्री,

समोर बोलायला गेलो की तुझा बाप मोबाइलवर हिशेब मांडतो, म्हणून लिहितोय. हेमराजचं गणित मला आता पाठ झालंय. इच्छापोरच्या लॅबमध्ये बी.एस्सी.ला पगार बावीस हजार, एम.एस्सी.ला सव्वीस, चार हजारांसाठी दोन वर्षं कोण घालवतं? वर मला म्हणतो, आबा, तुम्ही तुमच्या कवितांत राहा. राहतोच. सातवीनंतर शाळा सुटली, कविता नाही सुटल्या.

कतारगामच्या रंगाईत, कापड रंगवायच्या कारखान्यात, मी एकतीस वर्षं शेड जुळवली. नमुन्याची चिंधी आणि रंगवलेलं कापड घेऊन दाराशी यायचं, उजेडात दोन्ही शेजारी धरायचं. व्यापारी नुसतं पोपटी म्हणायचा. मला पाठ्यपुस्तकातल्या कवितेतलं पावसात धुतलेलं शेत दिसायचं. मी सांगायचो, पिवळा चिमूटभर कमी करा. शेठ हसायचे, "कविराज, शेड बोलो!" पण शेड बरोबर यायची.

मग शेडची चिठ्ठी घेऊन सहीसाठी मी तिथल्या लॅबमध्ये जायचो. लॅबचा साहेब भला माणूस, पण जांभळा कुठला आणि वांगी कुठला, हे मलाच विचारायचा. सही मात्र त्याची. एकदा शेठांनी ती जागा मला द्यायचं मनात आणलं, तर बाहेरगावच्या पार्टीने विचारलं, सही करणारा किती शिकलाय? विषय संपला. पहिल्या वर्षी त्याचा पगार माझ्याहून थोडासाच जास्त होता. मी काम सोडलं तेव्हा तो सगळ्या रंगाईचा मॅनेजर, आणि मी दाराशीच. तुझ्या बापाचा हिशेब पहिल्या पगारापाशीच थांबतो गं.

वाढेलच पगार, असं मी लिहून देत नाही. सव्वीसच मिळाले तरी शीक. रंग धाग्याला का धरतो, हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. तू शिकून ये आणि मला सांग.

परवा तू पाकीट दिलंस, कॉलेजात देऊन या म्हणालीस. उघडंच होतं. आत एम.एस्सी.चा प्रवेश रद्द करायचा अर्ज, खाली तुझी सही, घाईघाईत केलेली. मी फाटकापर्यंत गेलो, समोरच्या गाडीवर उसाचा रस प्यायलो आणि परत आलो. दिलं, असं तुला खोटं सांगितलं. पाकीट या पत्रासोबतच आहे. शनिवारपर्यंत जागा तुझीच. द्यायचंच असेल तर तू स्वतः जा. जन्मभर दुसऱ्यांच्या सहीसाठी चिठ्ठ्या पोचवल्या. ही मी पोचवणार नाही. हेमराजला काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

तुझाच, अजून दाराशी उभा असलेला,
आबा