सदतीस अर्ज, एकच अक्षर

उपनगर, नाशिकरोड
८ जून २०२०

चि. नवनाथ यास,
अ. आ. व सप्रेम जयभीम. तुझा फोन महिनाभर बंद लागतो आहे. सविताच्या फोनवर राखीचे डिप्लोमाचे वर्ग चालतात, त्यामुळे तो दिवसभर अडकलेला. शिवाय फोनवर तू प्रत्येक गोष्टीला "बरं ताई" म्हणतोस आणि विषय संपतो. म्हणून पत्र लिहिते आहे. उत्तरही पत्रानेच पाठव.

सातपूरची खोली सोडून तुम्ही तिघं सविताच्या माहेरी घोटीला गेलात, हे मला तुझ्या घरमालकाने सांगितलं. सख्ख्या बहिणीला घरमालकाकडून कळावं? भाडं थकलं होतं तर तोंड का उघडलं नाहीस? माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि मी एकटी आहे.

दोन महिने कंपनीने छदाम दिला नाही, हेही त्यानेच सांगितलं. एकवीस वर्षं तू त्यांच्या प्रेस मशीनवर उभा आहेस. गेल्या दिवाळीत नवीन मशीन आली म्हणून पेढे वाटले होते ना त्यांनी? पेढे वाटायला पैसे असतात, आणि दोन महिने माणसांना जगवायला नसतात.

आता मुख्य मुद्दा. कारखाने उघडताहेत आणि आत घेण्याआधी लोकांकडून राजीनामे लिहून घेताहेत, असं इथे वसाहतीत ऐकते. तू कसलाही कागद लिहून द्यायचा नाही. जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं मी कागदच पाहिले. धाक दाखवून घेतलेला कागदसुद्धा एकदा फाइलला लागला की खरा होतो.

सविताच्या आईला नमस्कार. राखीला म्हणावं, आत्या सांगते, डोळ्यांना जप. लोभ आहेच, पण उत्तर आलं नाही तर तो कमी होईल.

तुझी ताई,
उज्वला

•

घोटी
१९ जून २०२०

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने हातमोजे घातले होते, ते कोरोनामुळे की तुझं पत्र गरम होतं म्हणून, हे विचारायचं राहून गेलं. सविता म्हणाली, ताईंचा पुढचा कागद चिमट्याने उचला.

खोली सोडल्याचं सांगितलं नाही, ही चूक झाली. तुला काळजी नको म्हणून बोललो नाही. इथे आम्ही ठीक आहोत. सासूबाई दिवसातून चार वेळा गरम पाणी पाजतात. राखी माळ्यावर बसून वर्ग करते, कारण रेंज तिथेच येते.

आनंदाची बातमी म्हणजे कंपनीने मला बोलावलं. मागच्या सोमवारपासून जातो आहे. घोटीचा आणखी एक जण आहे, मोटरसायकलवर दोघं मिळून जातो, पेट्रोल निम्मं निम्मं. गेटवर कपाळाला बंदूक लावून ताप बघतात. आता मी मशीनवर उभा राहत नाही, वही घेऊन फिरतो, माणसं मोजतो. एका अर्थी बढतीच म्हण. पगार सध्या थोडा कमी आहे, पण सगळीकडेच तसं चाललंय.

आमच्या कंपनीतला भिमाजी तुझी आठवण काढत होता. गेल्या वर्षी बुद्धजयंतीला तुझ्याकडे जेवला होता, ती खीर अजून त्याच्या तोंडी आहे.

तुझा गुडघा कसा आहे? बाजारात स्वतः जाऊ नकोस. लोभ असू दे, रागही चालेल.

तुझा भाऊ,
नवनाथ

•

उपनगर, नाशिकरोड
२७ जुलै २०२०

नवनाथ,
आज आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. जयभीम.

काल भिमाजी माझ्याकडे आला होता. पंचावन्न वर्षांचा माणूस, सातपूरहून सायकल मारत. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, ताई, माझ्यापासून लांब बसा, आमच्या गल्लीत पेशंट निघालाय. पायरीवर बसला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. तुम्ही सरकारी कागद वाचलेत, नवनाथ नेहमी सांगतो, एवढं वाचून सांगा यात माझं काय उरलंय, असं म्हणाला.

त्याने दिलेल्या राजीनाम्याची ती झेरॉक्स होती. कंपनीत कागद द्यायच्या आधी गेटसमोरच्या दुकानातून काढून घेतलेली. एकदा रेशनकार्ड हरवल्यापासून तो प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढतो. तुझ्यापेक्षा शहाणा म्हणायचा.

"माझ्या घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे. माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही."

मी मजकूर नंतर वाचला, नवनाथ. आधी अक्षर ओळखलं. शेपटी वर उचललेला तो स, रेघेला टेकून उभा असलेला तो क. पाचव्या वर्षापासून रोज एक पान तुझ्याकडून मी लिहून घेतलं आहे. शाई सांडलीस तर दोन पानं. आपल्या घरात कोणाच्या हाताला वळण नव्हतं, ते तुझ्या हाताला असावं म्हणून. भिमाजीला मी विचारलं, हे कोणी लिहिलं? तो कागद परत मागायला लागला. मी दिला नाही. तेव्हा खाली मान घालून म्हणाला, ताई, सगळ्यांचेच त्याने लिहिले. सदतीस.

सदतीस माणसांची नोकरी तू सुंदर अक्षरात घालवलीस.

त्यातल्या सव्वीस जणांना कंत्राटदाराने घेतलं, तेही महिन्यातले पंधरा दिवस, मिळतील तेवढ्या रोजावर. भिमाजीसह अकरा जणांना बोलावणंच नाही, कारण त्यांची वयं झाली. आणि तू त्यांच्यावर वही घेऊन फिरतोस. बढती! मला "एका अर्थी" लिहितोस?

सातपूरला रोज येतोस आणि नाशिकरोडला बहिणीकडे येत नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

काय घडलं ते मला खरं, पूर्ण आणि याच आठवड्यात लिही.

उज्वला

•

घोटी
३ ऑगस्ट २०२०

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

खरं लिहितो.

आठ जूनला साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. एक टेबल सोडून एक असं बसवलं. म्हणाले, ऑर्डर नाहीत, कंपनी बंद पडायला आली आहे. जे राजीनामा देतील त्यांचा हिशोब लगेच मिळेल आणि आठवड्यात कंत्राटदाराकडून पुन्हा आत येतील. जे देणार नाहीत त्यांनी गेटबाहेर वाट पाहावी, किती दिवस ते सांगता येणार नाही. अर्ज हाताने लिहिलेला हवा, छापील चालणार नाही. तेव्हा मला वाटलं, छपाईचे पैसे वाचवतात. माझी अक्कल एवढीच.

अर्धे लोक पेन धरून नुसते बसले. कोणी चष्मा आणला नव्हता, कोणाला अर्ज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मग साहेबच म्हणाले, नवनाथचं अक्षर चांगलं आहे, तो लिहील, बाकीच्यांनी सह्या करून दुपारपर्यंत ऑफिसात द्या. ताई, मला त्या वेळी बरं वाटलं. एकवीस वर्षांत साहेबांनी माझं नाव घेऊन काही चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. मला पंख्याखाली बसवलं, चहा दिला. माणसं रांगेने येत होती आणि मला धन्यवाद देत होती. भिमाजी म्हणाला, तू होतास म्हणून सुटलो.

शेवटचा, सदतिसावा अर्ज माझा स्वतःचा. तो लिहिताना हात दुखत होता, एवढंच आठवतं.

तेवीस हजार मिळायचे, आता चौदा मिळतात. कंत्राटदाराने दिलेल्या कागदावर लिहिलंय की कधीही कमी करता येईल. तुझं पत्र त्याच दिवशी निघालं होतं, आठ जूनला. मला मिळालं सोळाला. तेव्हा सगळं लिहून झालं होतं. तुला काय कळवणार?

नवनाथ

•

घोटी
९ ऑगस्ट २०२०

ती. ताईंना सविताचा सविनय जयभीम.

तुम्ही माझ्या फोनवर यांना काय सांगितलंत ते मला कळलं. कामगार कचेरीत चल आणि "सगळे अर्ज मी साहेबाच्या सांगण्यावरून लिहिले" असं सांग, म्हणालात. यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

ताई, तुम्ही मोठ्या आहात, म्हणून आजवर उलट बोलले नाही. आज लिहिते. तुमची पेन्शन एक तारखेला येते, कोरोना असो की नसो. तुम्हाला न्याय परवडतो. हे कचेरीत बोलले की दुसऱ्या दिवशी चौदा हजारसुद्धा बंद. मग राखीची फी कोण भरेल? माझ्या कानातलं मे महिन्यातच गेलं, ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मी सध्या दुसऱ्याच्या वावरात भाताची आवणी करते, रोपं लावते. दिवसभर पाण्यात वाकून उभं राहायचं, अडीचशे रुपये. मी दहावी झालेली बाई आहे, सातपूरला माझे शिवणाचे क्लास होते. घोटीतल्या ओळखीच्या बायका माझ्याकडे बघत नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

भिमाजीभाऊंबद्दल मलाही वाटतं. पण आधी माझं घर.

यांना भरीला घालू नका. लोभ ठेवा, एवढंच मागते.

सविता

•

उपनगर, नाशिकरोड
१७ ऑगस्ट २०२०

चि. सौ. सविता हीस,
अ. आ. व सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पेन्शनचं लिहिलंस ते खरं आहे. या चार महिन्यांत माझ्या ताटातली एकही वस्तू कमी झाली नाही, आणि मी तुम्हाला ताठ राहायला सांगते आहे. हे मला कोणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. तू सांगितलंस, बरं केलंस. कानातल्याचं मात्र आधी कळवायला हवं होतंस. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि राहीन.

राखीची वर्षाची फी मी भरली. पावती सोबत आहे. नवनाथ कचेरीत येवो वा न येवो, तिचा त्याच्याशी संबंध नाही. आभार मानू नकोस.

आता दुसरी गोष्ट. भिमाजी आणि आणखी पाच जण चोवीस तारखेला कामगार कचेरीत तक्रार देणार आहेत. अर्ज मी लिहून देत नाही, फक्त काय काय लिहायचं ते सांगते आहे. राजीनामे खुशीने दिले असं कंपनी म्हणणारच. मग ते दाखवायला तिला सदतीसच्या सदतीस कागद टेबलावर ठेवावे लागतील. सदतीस माणसांना एकाच दिवशी, एकाच अक्षरात घरगुती अडचण येते का, हे बघायला कायदा शिकलेला माणूस लागत नाही. पण ते अक्षर कोणाचं आणि कोणी लिहायला लावलं, हे कोणीतरी सांगावं लागेल.

नवनाथला मी आता काही म्हणणार नाही. पण मला विचारलं तर ते अक्षर मी ओळखते, असं मी सांगणार. भाऊ आहे म्हणून खोटं बोलणार नाही. हे तुम्हा दोघांना आधी कळावं, म्हणून लिहिलं.

तुझी,
उज्वलाताई

•

उपनगर, नाशिकरोड
२९ ऑगस्ट २०२०

चि. नवनाथ यास, अ. आ. व जयभीम.

दुसऱ्या मजल्यावर पेशंट निघाला. कालपासून आमची बिल्डिंग सील केली आहे, चौदा दिवस. खाली पत्रे ठोकलेत. कंपनीला तीन तारखेला कचेरीत कागद घेऊन बोलावलंय. मला जाता येणार नाही. भिमाजी आणि ते पाच जण आपले आपणच जातील.

मला ताप नाही. हे पत्र दुधवाल्याकडे दिलं आहे.

ताई

•

घोटी
६ सप्टेंबर २०२०

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र एक तारखेला मिळालं. वाचून आधी मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. तू येणार नाहीस, म्हणजे माझं नाव निघणार नाही. भिमाजी ते घेणार नाही, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी कामावर गेलो, माणसं मोजली, परत आलो.

तीन तारखेला मोटरसायकल सातपूरकडे वळवलीच नाही. सोबतच्या माणसाला उतरवलं आणि सरळ कचेरीत गेलो. भिमाजी बाहेर बाकावर बसला होता. मला बघून म्हणाला, तू कशाला आलास, वेडा आहेस का.

आत कंपनीचा माणूस गठ्ठा घेऊन आला होता. अधिकारी बाईंनी एकेक कागद टेबलावर पसरला. टेबल पुरेना, खुर्च्यांवरही ठेवले. माझंच अक्षर सगळीकडे. ताई, एवढं लिहिलं होतं हे मला त्या दिवशी दिसलं. कंपनीचा माणूस म्हणाला, कामगारांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल. बाईंनी विचारलं, हे कोणी लिहिलं. भिमाजी छताकडे बघत राहिला. मी उभा राहिलो. त्यांनी कोरा कागद दिला, तीच दोन वाक्यं पुन्हा लिहायला सांगितली. मी लिहिली. अक्षर तसूभरही बदललं नाही. मग माझा जबाब घेतला. साहेबांचं नाव, चहा, पंखा, सगळं सांगितलं. मला बढती मिळाली, हेही सांगितलं. ते सांगताना सगळ्यात जड गेलं.

चार तारखेला गेटवर वॉचमनने अडवलं. माझ्या वहीसाठी दुसरा माणूस आला होता.

पुढची सुनावणी २९ सप्टेंबरला आहे. निकाल काय लागेल ते बाईही सांगत नाहीत. पण परवा राहिलेल्यांपैकी एकोणीस जण तक्रारीत सामील व्हायला भिमाजीच्या घरी जमले आणि कोरे कागद माझ्यापुढे सरकवले. मी पेन खाली ठेवलं. म्हणालो, मी सांगतो, पण ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं. खूप शिव्या खाल्ल्या. संध्याकाळ झाली. वेडीवाकडी, खाडाखोड केलेली एकोणीस पानं झाली. एकाने आपलं नावच रेघेच्या खाली लिहिलं.

उद्या सोमवारपासून भाताच्या गिरणीत पोती उचलायला जाणार आहे. लोभ असू दे.

तुझा भाऊ,
नवनाथ

ता. क. — ताई, यांनी हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून मीही चार ओळी लिहिते. माझा राग गेलेला नाही, यांच्यावरचाही नाही आणि तुमच्यावरचाही नाही. फीची पावती मी जपून ठेवली आहे, पैसे फेडणार. २९ तारखेला मीही कचेरीत येणार आहे. चौदा हजार ज्याने काढून घेतले, त्या साहेबाचं तोंड मला बघायचंय. आदल्या दिवशी तुमच्याकडे मुक्कामाला येऊ. येताना तांदूळ आणते. मला काही समजावायला बसू नका.
— सविता