बदलला, की कुणी बदलला

३ नोव्हेंबर, सोमवार
इतके महिने वहीला हात लावला नाही. माफ कर. (कुणाची माफी? वहीचीच.) आज बसले तीही रागाने.
उचगावची आमची दूध संस्था, मी तिथली कारकून. कॉम्प्युटर सुरू केला की अँटिव्हायरसची लाल पाटी: डिस्कचा बूट सेक्टर पूर्वीचा नाही. म्हणजे ज्या चिमूटभर मजकुरावरून कॉम्प्युटर सुरू होतो, तो. व्हायरस वगैरे काही नाही. विंडोज नव्याने घातली तेव्हा तो मजकूरही नव्याने लिहिला गेला. अँटिव्हायरस अजून जुन्या नकलेशी ताडून बघतो. ‘मान्य’ दाबलं की संपलं. त्याला लागणारा पासवर्ड मात्र सचिव आप्पांकडे. इंग्रजी पाटी त्यांना कळेना, म्हणून लिहून दिलं: ‘बूट सेक्टर बदलला आहे.’

४ नोव्हेंबर
आप्पा टेबलावर हात आपटून: "कुणी बदलला?"
आपोआप, म्हटलं.
"पार्ट आपोआप बदलतोय व्हय, मॅडम? माझ्या गाडीचा न्हाय बदलत कधी!"
विंडोज घातली शिवाजी पेठेतल्या संभाने. आमची सगळी दुरुस्ती तोच करतो. आप्पांच्या मते त्याने चांगला पार्ट काढून भंगार बसवलं. ‘मान्य’ दाबा म्हटलं, तर "म्हंजे चोरी मान्य करू?"
मूर्ख माणूस. (असं लिहू नये. लिहिलं.)

६ नोव्हेंबर
संभाला बोलावून घेतलं. दूध घालायला आलेले लोक दारात.
"या पावणं. आमचा पार्ट कुठं इकलासा?"
"आप्पा, पार्ट न्हाय त्यो. डिस्कवर लिवल्यालं असतंय. खोलून दावू?"
"खोललास म्हणूनच गेला की!"
लोक हसले. संभा माझ्याकडे वळला. "ताई, तुमी तर शिकल्याल्या. असं का लिवलंसा?"
शब्द चूक नव्हता. पण तो कुणाच्या हातात देतेय, ते बघायला नको होतं?
आप्पांच्या मेव्हण्याने हातकणंगल्यात कॉम्प्युटरचं दुकान काढलंय. म्हणून हे सगळं? की हीही माझी खोटी लाल पाटीच...

७ नोव्हेंबर
आप्पांनी पोलिसांत द्यायची तक्रार टाईप करून आणली. वाक्य माझंच. सुरुवातीला फक्त दोन शब्द जोडलेत: ‘संभाजी यांनी बूट सेक्टर बदलला आहे.’ व्याकरण बिनचूक. खाली माझं नाव.
"सकाळी सही पायजे. न्हायतर तुमीबी सामील, असं समजू."
ही नोकरी गेली तर दुसरी नाही. घरी बोलले नाही अजून.
उद्या: सही न करणे.