भिंतीतली बाई

तीर्थरूप दादा,

वाकून नमस्कार. (खुर्चीत बसूनच करतेय, पण तू समोर नाहीस, तेव्हा वाकले असं धर.) तुझा गुडघा, वहिनीचं पित्त आणि आईचा तुम्हा दोघांवरचा राग, तिन्ही उतारावर असतील अशी आशा आहे. मी ठीक. मध्यंतरी पंधरा दिवस घाबरून जेवण जात नव्हतं, त्याची हकिकत सविस्तर कळवते.

कर्णबधिर मुलांच्या सरकारी शाळेत मी कान तपासते आणि श्रवणयंत्रं सांभाळते, हे तुला माहीत आहे (तू लोकांना 'रिपेअरिंग करते' म्हणून सांगतोस, असो). पहिलीच्या वर्गात भिंतीच्या कडेनं एक वायर फिरवली आहे. बाई माइकमध्ये बोलल्या की आवाज तिच्यातून थेट मुलांच्या यंत्रांत उतरतो. त्यासाठी वर्गात शिरताना यंत्राचं बटण खाली करायचं. मग बाहेरचा गलका बंद, फक्त वायरीतलं ऐकू येतं. दीड महिना बाईंचा माइक बिघडलेला होता, म्हणून शिकवणं नुसतं खुणांनी चाललं होतं. मुलं मात्र सवयीनं बटण खाली करतच होती. हे मी साफ विसरले, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

एके दिवशी साडेअकराला बाई मला वर्गात ओढत घेऊन गेल्या. सातही मुलं लिहिता लिहिता थांबली, एकदम वळली आणि मागच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसली. वर्गात चिडीचूप. मला काही ऐकू येईना, बाईंनाही येईना. "रोज याच वेळेला," बाई पुटपुटल्या. मी एकाला खुणेनं विचारलं, काय आहे तिथे? त्यानं दोन खुणा केल्या. बाई. भिंतीत.

शिपाईकाकांनी त्याच दिवशी आपलं स्टूल जिन्याखाली हलवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्या भिंतीवर पालेभाज्यांचा तक्ता लावला (उपाय म्हणून). मुलं तक्त्याकडे बघत बसू लागली.

वर्गात सहा वर्षांची एक मुलगी आहे, आम्ही तिला मुंगी म्हणतो. दोन वर्षं यंत्र लावून तोंडातून शब्द नाही. शुक्रवारी यंत्रं मंजूर करणारी कमिटी येणार होती. प्रगती नसेल तर तिचं यंत्र काढून यादीतल्या पुढच्या मुलाला द्यायचं, असं ठरत आलं होतं. मंगळवारी ही मुंगी भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून, म्हाताऱ्या बाईसारखी म्हणाली, "कंबर गेली बाई माझी." पाठोपाठ उरलेली सहाही तेच म्हणाली. दादा, माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

मग कुठे डोकं चालू झालं. मुंगीचं यंत्र काढून मी त्याला आमची तपासायची नळी लावली आणि तिचं दुसरं टोक माझ्या कानात घातलं. आधी नुसता श्वास. मग अगदी कानाशी, दमलेला आवाज आला, "ऐकू येतंय का गं तुला? नाही ना? बरंच आहे. ऐकलं असतंस तर हे सगळं मी बोलले नसते."

मग त्या वायरीच्या मागे मागे गेले. वायर त्या कोऱ्या भिंतीतून पलीकडे, जिन्याशेजारच्या, उच्चार शिकवायच्या पण आता बंद पडलेल्या खोलीत शिरली होती. (दीड महिन्यापूर्वी भिंती रंगवताना रंगाऱ्यानं वर्गातली आणि इथली सुटलेली वायर एकत्र बांधून वर टेपही गुंडाळला होता. टापटिपीचा माणूस.) आत मुंगीची आई जुन्या माइकसमोर बसली होती. घर लांब, म्हणून शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबायची. लेकीशी सतत बोला, असं आम्हीच तिला बजावलेलं. समोर बोलायला धीर व्हायचा नाही, म्हणून इथे सराव करायची, आणि सराव संपला की मनातलं.

"बंद आहे ना हा?" तिनं विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"कधीपासून ऐकतेय ती?"

"दीड महिना."

तिचा चेहरा पांढरा पडला. "मी... ती झाली तेव्हा मला नको झाली होती, हेही बोलले मी." मुंगी माझ्या मागून आलेली. तिनं आईच्या कमरेवर हात दाबला आणि खणखणीत आवाजात आपलं वाक्य म्हटलं. आई हसायला गेली आणि रडत सुटली.

शुक्रवारी कमिटीचे अध्यक्ष आमच्या बुटक्या बाकावर कण्हत बसले. मुंगीनं त्यांना नीट न्याहाळलं आणि तेच वाक्य ऐकवलं. यंत्र राहिलं.

तुझी धाकटी

ता. क. इथवरचं घरात मोठ्यानं वाच, इथून पुढचं मनात. गेल्या महिन्यात मी आले असताना स्वयंपाकघरात पातेलं पडलं. आपण सगळे दचकलो. तुझी आठ महिन्यांची लेक माझ्या मांडीवर होती, तिची पापणीही हलली नाही. वहिनी म्हणाली, किती शांत आहे ना. मी हो म्हटलं. मी, दादा. हेच काम करणारी. त्यानंतर मला धड झोप नाही. येत्या सोमवारी सकाळी तिला आमच्याकडे आण. तपासणी झोपेत होते, काही दुखत नाही. काही निघालं नाही तर जन्मभर चिडव मला.

ता. क. आणखी एक. वाटेत झोपू देऊ नकोस, इथे आल्यावर दूध पाजून झोपवू. थोपटताना वहिनी जे गुणगुणते ते तिला गुणगुणू दे. निकाल काहीही लागो, घरी गेल्यावरही थांबवू नका.