शनीला सांगितलेली घरची वेळ

प्रिय धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

पत्राचं कारण आधी सांगते. तुझ्या दुर्बिणीच्या यंत्राला आमच्या घरी इजा झाली आहे. ती कशी झाली हे तुझ्या मेहुण्यांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, कारण ते गोष्ट फार रंगवतात. संध्याकाळी तुझा ड्रायव्हर यंत्र न्यायला येईल, तेव्हा हे पत्र त्याच्या हाती देईन.

तुझा गुडघा कसा आहे? (सांगितलेला व्यायाम करत नसशीलच. रीत म्हणून विचारलं.) बायको बरी असेल, कारण ती माझं ऐकते. माझी प्रकृती उत्तम. तुझ्या मेहुण्यांना आत्ताच आत नेलं आणि मी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहिते आहे. शेजारची बाई मघापासून माझ्याशी बोलायला बघते आहे. लिहिणाऱ्या माणसाशी कुणी बोलत नाही, हा या पत्राचा दुसरा उपयोग.

त्यांच्या उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, हे तुला ठाऊक आहे. सगळा संसार डाव्यावर. आज त्या डाव्याची शस्त्रक्रिया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुधा चांगलं दिसेल. मी विचारलं, बहुधा म्हणजे किती, तर त्या नुसत्या हसल्या. वसतिगृहाच्या रेक्टरला 'बहुधा'चा अर्थ कुणी शिकवायला नको. 'बहुधा वेळेत येईन' म्हणून गेलेल्या मुलींसाठी मी किती वेळा फाटकावर ताटकळले आहे.

तारीख ठरली त्या रात्री जेवताना हे म्हणाले, त्याआधी एकदा शनीचं कडं बघता आलं तर बरं होईल. धाकट्या, या माणसाने आजवर काही मागितलेलं नाही. चहात साखर कमी पडली तर न बोलता पितात आणि उद्याच्या चहाची वाट बघतात. जन्मभर दुकानात बसून लोकांच्या फोटोंना चौकटी केल्या. म्हणाले, चौकटीसकट जन्माला आलेली वस्तू एवढी एकच, ती बघायची राहिली. मी ताट तसंच ठेवून तुला फोन केला. तू दुर्बीण पाठवलीस, त्याबद्दल आभार. सोबत तू म्हणालास, "ताई, यंत्र सगळं स्वतःच करतं, तू फक्त बटण दाब." त्या वाक्याबद्दल समक्ष भेटीत बोलू.

शनिवारी दिवेलागणीला आम्ही गच्चीवर तिपाई मांडली. ती सपाटीत आणायचं काम यांच्याकडे दिलं, ही माझी पहिली चूक. चौकटवाल्याच्या हाती पाणसळ दिली की तो अर्धा दोरा फरक सोडत नाही. यांनी पाणसळीतल्या बुडबुड्याची मनधरणी चालवली होती आणि तेवढ्यात पूर्वेकडे ढग जमायला लागले. पुढची कामं मी वाटून टाकली. रिमोटवरची लाल अक्षरं मुंगीएवढी, ती यांना दिसणार नाहीत, म्हणून बटणं माझ्याकडे. यंत्र आधी गाव, तारीख आणि वेळ विचारतं, त्यावरून कुठला तारा कुठे ते ठरवतं. वेळ सांगायचं काम यांच्याकडे, कारण दिवाणखान्यातल्या मोठ्या घड्याळाचे काटे यांना गच्चीच्या दारातूनही दिसतात. (तेच, मला निरोपसमारंभात मिळालेलं. त्या घड्याळामुळे आमच्या घरात कुणाची गाडी चुकलेली नाही.)

मग यंत्राला ओळखीचे दोन तारे दाखवायचे असतात. ते आपणहून ताऱ्याकडे वळतं, आपण तारा मधोमध आणून बटण दाबायचं. मी स्वाती सांगितली. यंत्र घरघरत वळलं आणि शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीसमोर जाऊन उभं राहिलं. स्वाती टाकीच्या बरीच वर, नुसत्या डोळ्यांना दिसत होती. मी ती ओढून मधोमध आणली. अभिजित सांगितला तर तेही भलतीकडेच. तिथे जवळच एक तेजस्वी, स्थिर, अजिबात न लुकलुकणारा तारा सापडला. मला तो आवडला, शिस्तीचा वाटला. तोच धरून बटण दाबलं. जुळणी फसली, असं यंत्र म्हणालं. यांनी हळूच सांगितलं की तो फोनच्या मनोऱ्यावरचा दिवा आहे. मी म्हटलं, एका डोळ्याने एवढं दिसतं तर आधी का नाही बोललात? म्हणाले, तू बटण दाबत होतीस.

काल रविवार, शेवटची संध्याकाळ. ढग शनिवारपेक्षा जवळ. पुन्हा तिपाई, पुन्हा पाणसळ, पुन्हा "अहो, वेळ सांगा" आणि पुन्हा टाकी. मी यंत्राला दुसरीकडे वळायला सांगितलं तर ते लांबच्या वाटेने गोल फिरलं, विजेची वायर तिपाईच्या पायाला गुंडाळत गेली, ताणली, आणि तिपाईच्या पायांमधली तबकडी कडकन तुटली. मी यंत्राची मान धरली. (पळत्या मुलीचा दंड धरायची सवय, हात आपोआप गेला.) आत कुठेतरी दातावर दात घासल्यासारखा आवाज झाला. ती इजा हीच. वायर निसटली, यंत्र सगळं विसरलं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. ढगाची कड शनीपासून हातभर राहिली होती. हे खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते, डॉक्टरकडे बसतात तसे. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी वायर सोडवत बसले.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. यांनी घेतला, हो हो म्हणाले, ठेवला.

"उद्या सातला बोलावलंय," म्हणाले. "म्हणजे आपल्या सात पंचवीसला."

मी वायर खाली ठेवली. "अहो, यंत्राला तुम्ही कुठली वेळ सांगत होतात?"

"घरातली. तू विचारलीस ना? या घरात दुसरी वेळ मी कधी काढली आहे का?"

धाकट्या, चौकशीअंती असं कळलं की हे, मुलं, मोलकरीण आणि तू, असे सगळेजण मी पुढे लावून ठेवलेल्या घड्याळातून मनातल्या मनात पंचवीस मिनिटं वजा करता. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळे वेळेवर पोचत होतात ते बेरीज-वजाबाकीवर, आणि श्रेय मी घड्याळाला देत होते. माझं म्हणणं अजूनही हेच आहे की चूक यंत्राची. माणसाला जे कळतं ते त्याला कळत नाही. असो. मी फोनमध्ये बघून वेळ घातली. स्वाती भिंगात. अभिजित भिंगात. शनी मागितला, यंत्र मांजरासारखं गुरगुरत वळलं आणि थांबलं. मी आधी बघितलं नाही. ढग कधी झाकेल त्याचा नेम नव्हता, म्हणून यांनाच बसवलं.

ते बघत राहिले. मी नुसती शेजारी उभी राहिले. मला ते जमत नाही, पण राहिले. शनी आहे की पुन्हा एखादा दिवा, काही कळेना. शेवटी विचारलं.

"कडं थोडं तिरकं बसवलंय," म्हणाले. आणि जरा वेळाने, "पण काम चोख आहे."

मग उठायला लागले, म्हणाले, आता तू बघ. मी खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. ढग आला तेव्हाही त्यांचा डोळा भिंगालाच होता.

तुझी
ताई

ता. क. हे बाहेर आले. डोळ्यावर पट्टी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टी सुटल्यावर बघू. 'बहुधा'पेक्षा हा शब्द बरा की वाईट, ते ठरत नाही. शुद्धीत आल्यावर यांनी किती वाजले विचारलं. मी सांगितलं. यांनी ओठ हलवून पंचवीस वजा केले. मी खरी वेळ सांगितली होती.

आणखी एक, घरी येऊन लिहिते. यंत्र मी पाठवत नाही. पट्टी सुटली की यांना तेच कडं पुन्हा दाखवायचं आहे. तितकंच तिरकं दिसलं तर डोळा चांगला. मलाही ते अजून बघायचं आहे. तोवर मागू नकोस. ड्रायव्हरला बोलू नकोस, त्याला मी पेटी बंद करूनच दिली आहे. घड्याळही तुझ्याकडे राहू दे. पट्टी आहे तोवर घरात वेळ मीच सांगणार, आणि यांना वजाबाकी करावी लागू नये.

ड्रायव्हरच्या हाती सुपूर्द: यंत्राची पेटी, एक, रिकामी. तुटलेली तबकडी, तुकडे दोन. भिंतीवरचं घड्याळ, एक, चालू. पंचवीस मिनिटं पुढे आहे, काट्यांना हात लावू नये.